मदत हवी आहे: क्लिपरमधल्या आडतीच्या प्रोग्रामची पट्टी नेटवर्कवरच्या प्रिंटरवर काढायची आहे

राकसकोप

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या मार्केट यार्डात आमचं आडतीचं दुकान आहे. बटाटा, कांदा आणि हंगामात रताळी. नवरात्रापासून रताळ्याची आवक वाढत जाते आणि ती आता ऐन जोरात आहे. नेमका याच वेळी आमचा जुना कॉम्प्युटर गेला. चार दिवस झाले, पट्ट्या हाताने लिहितोय. फार अडचण आहे, जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

आधी काम काय ते सांगतो, नाहीतर "डॉट मॅट्रिक्स सोडा, लेझर घ्या" असाच सल्ला येईल. शेतकऱ्याचा माल उतरला, तोलला, सौदा झाला की त्याला पट्टी द्यावी लागते. पट्टीवर नाव, गाव, पिशव्या, वजन, भाव. खाली वजावट: हमाली, तोलाई, मोटारभाडं, आधी उचल घेतली असेल तर तीही. सगळ्यात खाली निव्वळ रक्कम. ही पट्टी तीन पदरी कागदावर निघते. पांढरी शेतकऱ्याला, गुलाबी मोटारवाल्याला, पिवळी आमच्या फाइलला. एकच टेम्पो बेळगुंदी, उचगाव, कुद्रेमानी असा फिरून सात-आठ जणांचा माल आणतो, म्हणून त्याचं भाडं पट्टीतच कापलं जातं आणि त्याला स्वतःची प्रत लागते. तिन्ही प्रती एकाच ठोक्यात उठल्या पाहिजेत. लेझरवर ते होत नाही.

प्रोग्राम १९९६ चा आहे. टिळकवाडीतल्या एका सरांनी क्लिपर ५.२ मध्ये (डॉसवर चालणारे प्रोग्राम लिहायची जुनी भाषा) लिहून दिला होता. सर आता नाहीत. मूळ प्रोग्रामच्या फाइली त्यांच्या घरीही सापडल्या नाहीत, आमच्याकडे फक्त चालणारी ईएक्सई आणि डेटाच्या डीबीएफ, एनटीएक्स फाइली आहेत. पण सरांनी काम इतकं नेटकं केलंय की इतक्या वर्षांत हिशेबात एका पैशाची चूक आढळली नाही. गावाचे दोन आकडे टाकले की गाव येतं, चंदगड तालुक्यातली गावं धरून. आमचे दिवाणजी मामा स्क्रीनकडे न बघता पट्टी भरतात. त्यामुळे "नवीन सॉफ्टवेअर घ्या" हा पर्याय निदान या हंगामात नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर एक्सपी होतं, मागे प्रिंटरचं रुंद पॅरलल पोर्ट होतं, त्याला थेट एप्सनचा डॉट मॅट्रिक्स. कधी काही बघावं लागलं नाही. विजेच्या वर-खाली होण्यात त्याचा मदरबोर्ड जळाला. डेटा वाचला, रोज रात्री पेनड्राइव्हवर कॉपी घेत होतो.

आताची मांडणी अशी:

गादीवर एक कॉम्प्युटर आहे, त्याला एप्सन एलएक्स-३१० यूएसबीने जोडलाय. आत तोलकाट्याशेजारी दुसरा कॉम्प्युटर, तिथे मामा बसतात. प्रोग्राम त्यावर आहे. त्यावर विंडोज १०, ३२ बिटचं घातलंय, कारण ६४ बिटवर हा प्रोग्राम उघडतच नाही असं दुकानदाराने सांगितलं. दोन्ही एकाच स्विचला. शिवाय महिनाअखेरच्या तेरजेसाठी (खात्यांच्या बेरजांचा गोषवारा) आणि खतावणीसाठी (खातेवार हिशेब) एक लेझर प्रिंटर घेतलाय. तो नेटवर्क केबलवर आहे, त्याला स्वतःचा आयपी पत्ता आहे.

प्रोग्राम उघडतो, पट्टी भरता येते. पण प्रिंट दिली की "प्रिंटर तयार नाही". विंडोजचं टेस्ट पेज मात्र आतल्या कॉम्प्युटरवरून गादीवरच्या एप्सनवर व्यवस्थित येतं.

मी काय करून पाहिलं:

गादीवरच्या प्रिंटरला शेअर करून 'पट्टी' हे नाव दिलं. मग आतल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेट यूज एलपीटी१: \\गादी\पट्टी /पर्सिस्टंट:यस असं दिलं. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत केल्या. एलपीटी१ म्हणजे डॉसच्या प्रोग्रामला माहीत असलेलं प्रिंटरचं पोर्ट.) "कमांड यशस्वी" असं आलं. तरी प्रोग्राम तेच म्हणतो.

दुसरा उपाय म्हणून प्रोग्रामातून पट्टी फाइलमध्ये काढली आणि नोटपॅडने छापली. ती आली, पण कशी? आमची पट्टी सहा इंची आहे, बारा इंची कागदावर दोन बसतात. नोटपॅड एका पट्टीला अख्खा कागद खातो. अक्षरं सुटी सुटी, रकाने सरकलेले, आणि निव्वळ रकमेची ओळ बरोबर फाडायच्या छिद्रांच्या रेघेवर. काल कुद्रेमानीचे एक आजोबा ती पट्टी हातात धरून बराच वेळ बघत होते. "ही तुमचीच काय?" एवढंच विचारलं. तीस वर्षं ज्यांनी एकाच ठिकाणी आकडा बघितला, त्यांना तो तिथेच दिसला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न दोन. एक, पट्टी एप्सनवर कशी काढू? दोन, तेरीज लेझरवर कशी काढू? तिला १३२ रकाने आहेत, म्हणजे एका ओळीत १३२ अक्षरं.

जुना डॉसवाला

राकसकोप, तुम्ही जवळजवळ पोचला आहात. अडलंय ते फक्त "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून" याच्यात.

विंडोज १० मध्ये ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत केलेली नेट यूजची जोडणी त्याच सत्रापुरती असते. मामा प्रोग्राम साध्या सत्रात उघडतात, तिथे एलपीटी१ ला काहीच जोडलेलं नाही. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, नुसतं नेट यूज द्या. यादी रिकामी दिसेल, पैज लावतो. तिथेच तीच आज्ञा पुन्हा द्या.

तुमच्या आतल्या मशीनला पॅरलल पोर्ट नाही हे एका अर्थी बरंच आहे. खरं पोर्ट असलं की साध्या वापरकर्त्याला एलपीटी१ वळवू देत नाही, "प्रवेश नाकारला" म्हणतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते पोर्ट बंद करावं लागतं.

जोडल्यावर लगेच प्रोग्रामकडे धावू नका. आधी डीआयआर > एलपीटी१ असं द्या. फाइलींची यादी कागदावर उतरली तर विंडोजकडची वाट मोकळी, पुढचा दोष प्रोग्रामाच्या बाजूला शोधायचा. नाही उतरली तर प्रोग्रामला हातच लावायचा नाही. ही एक पायरी लोक गाळतात आणि दोन दिवस घालवतात.

नोटपॅडचं जे झालं ते होणारच होतं. क्लिपरचा प्रोग्राम अक्षरांबरोबर प्रिंटरला गुप्त खुणाही पाठवतो. २७, ६७, ३६ असे तीन अंक गेले की एप्सन समजतो, पान ३६ ओळींचं. इंचाला सहा ओळी, म्हणजे तुमची सहा इंची पट्टी. १५ गेला की बारीक अक्षर, १८ गेला की परत मोठं. नोटपॅड विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत चित्र काढल्यासारखं छापतो, त्यात या खुणांना अर्थच उरत नाही. नेट यूजने पाठवलेला मजकूर जसाच्या तसा प्रिंटरपर्यंत जातो, म्हणून पट्टी पूर्वीसारखीच यायला हवी.

निपाणीचा पाव्हणा

वरच्याला एक जोड देतो. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत असाच प्रकार होता, फक्त प्रोग्राम फॉक्सप्रोचा. पर्सिस्टंट यसवर विसंबू नका. सकाळी आतला कॉम्प्युटर आधी सुरू झाला आणि गादीवरचा नंतर, की जोडणी तुटलेली राहते. प्रोग्रामासाठी एक बॅच फाइल (आज्ञा ओळीने चालवणारी फाइल) करा. पहिल्या ओळीत नेट यूज एलपीटी१ /डिलीट, दुसरीत नेट यूजची जोडणी, तिसरीत प्रोग्राम. डेस्कटॉपवर तिचाच शॉर्टकट ठेवा. मामांना काहीच नवं शिकावं लागणार नाही.

शेअरचं नाव 'पट्टी' ठेवलंत हे बरोबर. आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नाही. विंडोज स्वतः सुचवतं ते लांबलचक नाव जुन्या प्रोग्रामांना झेपत नाही.

राकसकोप

जुना डॉसवाला काका, तुमच्या पाया पडतो. नुसतं नेट यूज दिलं तर यादी खरंच रिकामी. साध्या खिडकीत आज्ञा दिली, डीआयआरची यादी उतरली, मग प्रोग्रामातून पट्टी दिली आणि ती आली. तीच जागा, तेच बारीक अक्षर, दोन पट्ट्या एका कागदावर, फाडायची रेघ बरोबर मधोमध. तिसरी पिवळी प्रतसुद्धा स्वच्छ वाचता येते. पाव्हण्यांची बॅच फाइलही केली.

पण आज दुपारी एक नवीन घोळ झाला आणि तो आधीच्यापेक्षा वाईट आहे.

प्रिंट दिली की पंधरा-वीस सेकंद काहीच होत नाही, मग एकदम खडखड सुरू. एरवी चाललं असतं. पण दुपारी एकदम चार टेम्पो लागतात. मामा एका पाठोपाठ एक पट्ट्या भरत गेले आणि गादीवर एकही निघेना. ते हात थांबवून उठून आले, तेव्हा पाच-सहा पट्ट्या सलग बाहेर पडल्या. त्याआधी मामांना वाटलं प्रिंट गेलीच नाही, म्हणून त्यांनी एक पट्टी दोनदा दिली होती. बेकिनकेरेच्या एका शेतकऱ्याच्या नावाच्या, एकाच नंबरच्या दोन पट्ट्या. मी गादीवर होतो म्हणून लक्षात आलं, एक तिथेच फाडली. नसतो तर दोनदा पैसे गेले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या माणसाला उगाच चार लोकांत खुलासा द्यावा लागला असता. वडिलांनी संध्याकाळी विचारलं, "यंत्र काय करूलालंय ते मला सांग, नाहीतर उद्यापासून हातानेच लिवूया." यावर काय?

जुना डॉसवाला

पंधरा सेकंद हा आकडा तुम्ही बरोबर टिपलात. तो विंडोजमध्येच लिहिलेला आहे.

कारण असं. डॉसच्या जमान्यात प्रोग्राम थेट प्रिंटरशी बोलायचा, अक्षर पाठवलं की लगेच उमटायचं. आता मध्ये विंडोजचा स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा भाग आहे. त्याला एक काम संपलं की पुढे धाडायचं असतं, पण तुमचा प्रोग्राम "संपलं" असं सांगतच नाही, पोर्ट उघडंच ठेवतो. मग विंडोजमधला डॉसचा भाग, ज्याला एनटीव्हीडीएम म्हणतात, वाट बघतो. पंधरा सेकंद नवीन काही आलं नाही की काम संपलं असं धरतो आणि छापायला पाठवतो. मामांचा हात चपळ, ते पंधरा सेकंदांच्या आत पुढची पट्टी देतात. म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. ते जितके जोरात काम करतील तितकी पट्टी लांबणार. मामांची यात काडीचीही चूक नाही, त्यांना तसं आवर्जून सांगा.

मूळ प्रोग्राम हाताशी असता तर प्रत्येक पट्टीनंतर पोर्ट मिटवायची एक ओळ घालून भागलं असतं. तुमच्याकडे नाही, म्हणून विंडोजमधला आकडाच कमी करायचा. रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि वाव. तिथे 'एलपीटी अंडरस्कोर टाइमआउट' नावाची नोंद दिसेल, किमतीत १५. नसेल तर स्ट्रिंग प्रकारची नवीन करा. तिथे २ लिहा आणि मशीन पुन्हा सुरू करा. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी तिची प्रत काढून ठेवा, विसरू नका.

एक धोका सांगून ठेवतो. आकडा फार कमी केला आणि प्रोग्राम मध्येच हिशेबाला थबकला, तर एकाच छपाईचे दोन तुकडे होतात आणि मध्ये दुसऱ्या कुणाची छपाई घुसू शकते. पट्टी छोटी असते, एका दमात जाते, तिला काही होणार नाही. तेरीज मात्र लांब असते, खात्याखात्याला थांबते. ती एप्सनवर काढू नका, लेझरवरच न्या.

बिटबाइट

लेझरचं मी बघतो. आधी सांगा, त्या प्रिंटरला पीसीएल, म्हणजे लेझरला हुकूम द्यायची भाषा, समजते का? त्याच्या मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यावर भाषांची यादी असते. स्वस्तातले बरेच लेझर फक्त विंडोजच्या ड्रायव्हरने पाठवलेलं चित्र घेतात, त्यांना साधी अक्षरं पाठवली तर ते कागदही उचलत नाहीत. तसा असेल तर दुसरा मार्ग काढावा लागेल.

पीसीएल असेल तर: प्रिंटरच्या आयपी पत्त्याला ९१०० नंबरचं टीसीपी पोर्ट करून तो आतल्याच कॉम्प्युटरवर बसवा, तिथूनच 'लेझर' नावाने शेअर करा, आणि बॅच फाइलमध्ये एलपीटी२ त्याला जोडा. स्वतःचाच शेअर स्वतः वापरतोय हे विचित्र दिसतं, पण डॉसच्या प्रोग्रामला फक्त एलपीटी कळतं, आयपी पत्ता कळत नाही.

आता १३२ रकान्यांचं. एप्सनच्या खुणा लेझरला चालणार नाहीत. १५ म्हणजे एप्सनला बारीक अक्षर, पीसीएलला मात्र "मूळ फाँटवर या" एवढाच अर्थ. त्यामुळे अक्षर मोठंच राहील आणि ओळी उजवीकडे कापल्या जातील. त्याहून मजेशीर म्हणजे २७ नंतर ई हे अक्षर: एप्सनला तो ठळक अक्षराचा हुकूम, पीसीएलला सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करण्याचा. तुमच्या प्रोग्रामात प्रिंटरच्या खुणा बदलायची सोय कुठे आहे का? त्या काळचे चांगले प्रोग्रामर ती ठेवत असत.

राकसकोप

आहे! सेटअपच्या मेनूत "प्रिंटर १" आणि "प्रिंटर २" असे दोन पडदे आहेत. इतक्या वर्षांत कुणी उघडले नव्हते. प्रिंटर १ मध्ये एलपीटी१, बारीक अक्षर १५, मोठं अक्षर १८, पान २७,६७,३६. प्रिंटर २ रिकामा, सरांनी जणू पुढे कधी लागेल म्हणून जागा सोडली होती. ते बघून खरंच भरून आलं.

कॉन्फिगरेशनच्या पानावर पीसीएल ५ लिहिलंय. बारीक अक्षरासाठी शोधून २७,४०,११५,४९,५४,४६,५४,५४,७२ अशी खूण मिळाली, पण तो रकाना फक्त २० अक्षरांचा आहे. मावत नाही.

बिटबाइट

ती खूण इंचाला १६.६६ अक्षरांची आहे. ती मावत नाही हे बरंच झालं, कारण ए४ वर तिचे १३० च्या आसपासच रकाने बसतात, तुमचे शेवटचे आकडे गेले असते. थेट १७ द्या: २७,४०,११५,४९,५५,७२. स्वल्पविरामांसकट १८ अक्षरं होतात, रकान्यात मावतील. आणि १७ ने ए४ वर १३२ रकाने जेमतेम बसतात. मोठ्या अक्षरासाठी २७,६९, म्हणजे सगळं मूळपदावर. पानाची लांबी रिकामी ठेवा. तुमच्या तेरजेला पानामागे ६० ओळी असतील तर ए४ च्या ६४ मध्ये आरामात बसतील.

निपाणीचा पाव्हणा

राकसकोप, आत्ताच सांगून ठेवतो, घाईत राहून जाईल. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ मध्ये ३२ बिटची आवृत्तीच नाही. हे मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवा, त्याला फक्त गादी आणि लेझर दिसले की पुरे. आणि हंगाम संपला की सवडीने ६४ बिटच्या मशीनवर व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स (नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणारी सॉफ्टवेअर) घालून डेटाच्या कॉपीवर चाचणी घ्या. साधा डॉसबॉक्स घेऊ नका, तो खेळांसाठी आहे, त्यात प्रिंटरची सोय नाही. व्हीडॉस खास अशा कामाच्या प्रोग्रामांसाठीच केलेला आहे, आमची वखार आता त्यावरच चालते.

राकसकोप

दोन दिवस थांबून, खात्री करून लिहितोय.

टाइमआउट २ केला. मामांनी काल दुपारच्या गर्दीत एकसारख्या पट्ट्या दिल्या, प्रत्येक पट्टी पुढची भरून होईपर्यंत गादीवर निघालेली. एकही दुबार नाही. संध्याकाळी पिवळ्या प्रती आणि प्रोग्रामातला शेवटचा नंबर ताडून बघितला, जुळला. तेरीज लेझरवर आली, उजवीकडचा शेवटचा रकाना पुरता, कडेला अगदी दोराएवढी जागा राहते.

लेझरचा एकच त्रास उरलाय. खतावणीत ठळक यायला हवी ती नावं साधीच येतात आणि त्या ओळीपासून पुढे पान नव्याने सुरू होतं. बिटबाइट, तुम्ही २७ आणि ई बद्दल लिहिलं होतं तेच हे दिसतंय. ठळक अक्षराची खूण सेटअपच्या पडद्यावर नाही, ती प्रोग्रामाच्या आतच असणार. ईएक्सईला हात न लावता हे टाळता येईल का? तोवर खतावणी एप्सनवर रुंद कागदाशिवाय, बारीक अक्षरात, रात्री सगळे गेल्यावर काढतोय, म्हणजे मध्ये कुणाची पट्टी घुसायचा प्रश्न नाही.

जुना डॉसवाला

प्रिंटर २ वर एलपीटी२ च्या जागी फाइलचं नाव घालता येतंय का बघा. येत असेल तर खतावणी फाइलमध्ये काढायची, एक छोटी बॅच त्या फाइलीतल्या २७ आणि ई च्या जोड्या बदलून पीसीएलची ठळक खूण घालेल, आणि मग कॉपी /बी करून फाइल एलपीटी२ ला पाठवेल. /बी विसरलात तर फाइलीत मध्येच २६ हा अंक आला की तिथेच कॉपी थांबते. तो पडदा उघडून मला सांगा, बदल करणारा तुकडा मी लिहून देतो.

राकसकोप

फाइलचं नाव घेतोय. खतावणीची नमुना फाइल उद्या दुकान बंद केल्यावर टाकतो, शेतकऱ्यांची नावं काढून.